नाव कुणाचं, जाब कुणाला?

आदरणीय मॅडम,

मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. नोकरीला अकरा वर्षं झाली, पीएच.डी. २०१८ ची. गेले दोन हंगाम ऊसतोड कामगारांच्या उचलीवर, म्हणजे ते आगाऊ घेतात त्या रकमेवर, काम केलं. शंभराहून जास्त कोयत्यांच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यांच्या, मुलाखती घेतल्या, बहुतेक रात्री, त्यांच्या झोपड्यांत, कोप्यांमध्ये बसून. पेपर तयार आहे. आता एका विद्यापीठात सहयोगी प्राध्यापकाची जागा निघाली आहे. सात प्रकाशनं लागतात, माझी सहा आहेत आणि अर्जाला पाच आठवडे उरलेत.

पुढच्या महिन्यात आमच्याच कॉलेजात एकदिवसीय राष्ट्रीय परिषद आहे. तिचा विशेषांक एक ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नल काढणार आहे. पंधराशे रुपये भरले की दोन दिवसांत स्वीकृतीपत्र येतं. विभागप्रमुख म्हणतात, सगळेच टाकतात, तुमचंच काय वेगळं? त्यात प्राचार्य सरांनी सहलेखक म्हणून त्यांचं नाव घालायला सांगितलंय. सर्वेक्षणासाठी रजा त्यांनी दिली, साखर कारखान्याच्या नावे पत्र दिलं, हे खरं. पण पेपर त्यांनी वाचलेलाही नाही.

तिसरी गोष्ट लिहायला लाज वाटते. २०१७ मध्ये, प्रबंध सादर करण्याच्या घाईत मी जो पेपर काढला, त्यातला पूर्वसंशोधनाचा आढावा शोधगंगेवरच्या (प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातल्या) एका प्रबंधातून शब्द इकडचे तिकडे करून उचलला होता. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही. मी काय करू? पेपर आणि त्या जर्नलचा दुवा सोबत जोडला आहे. नाव छापू नये.

— एक प्राध्यापिका

*

तुमचं पत्र वाचलं, मग पेपर वाचला आणि मग पत्र पुन्हा वाचलं. पेपर चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं कडू लागणार आहे.

तुम्ही एके ठिकाणी लिहिलंय की उचलीच्या कागदावर अंगठा किंवा सही नवऱ्याची असते, पण उचल मिळते ती कोयत्याला. आणि कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पहाटे तीनला उठून भाकरी थापते. हंगाम संपताना अंगावर बाकी राहिली तर ती तिच्याही अंगावर राहते. कागदावर मात्र ती नाही. इतकं नेमकं लिहिणाऱ्या बाईंनी त्याच पेपरवर, शंभर कोयत्यांपैकी एकाशीही न बोललेल्या माणसाचं नाव घालावं का, असा प्रश्न मला विचारावा, याची मला गंमत वाटली. रागावू नका. मीही हे केलेलं आहे.

१९९१ साली. रोजगार हमीच्या कामांवरचा माझा पहिला पेपर. विभागप्रमुखांचं नाव आधी, माझं नंतर. तेव्हा ती रीतच होती आणि मला तो मान वाटला होता. परिषदेत पेपर सरांनी वाचला, छान वाचला. मग मागच्या रांगेतून एक धोतरवाले गृहस्थ उठले. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झालेले असावेत. त्यांनी एवढंच विचारलं, “मजुरी हजेरीवर धरलीत की मोजमापावर?” सर म्हणाले, “हजेरीवर.” मजुरी मोजमापावर होती. खोदलेल्या मातीच्या घनफुटावर. माझा अख्खा तक्ता त्यावर उभा होता. गृहस्थ “अस्सं” म्हणून खाली बसले आणि त्यांनी वही मिटली. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मी उठले नाही.

तीस-पस्तीस वर्षं झाली, ती वही मिटल्याचा आवाज अजून आठवतो. प्रकाशनाच्या नीतीचे जे काही नियम जगभर लिहिले गेलेत ते वाचताना मला दरवेळी तो माणूस दिसतो. पेपरवर नाव असणं म्हणजे मागच्या रांगेतून कुणी उठला तर त्याला उत्तर देता येणं. बाकी मग गुण, वेतननिश्चिती, फाइल.

वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूवरला जमले होते. त्यातून पुढे जी समिती झाली तिने लेखक कुणाला म्हणायचं याच्या अटी घालून दिल्या आणि आज वैद्यकाबाहेरची नियतकालिकंही त्यांकडे बोट दाखवतात. कल्पना, माहिती जमवणं किंवा तिचं विश्लेषण यांत भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात मजकुराच्या अंगाने दुरुस्त्या करण्यात हात हवा. छापायला जाणाऱ्या शेवटच्या प्रतीला संमती हवी. या तीन अटी आधीपासूनच्या. चौथी २०१३ मध्ये आली: पेपरच्या कुठल्याही भागाबद्दल प्रश्न निघाला तर त्याची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. आणि चारही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. रजा मंजूर करणं आणि लेटरहेडवर पत्र देणं यांतल्या एकीतही बसत नाही. त्याची जागा ऋणनिर्देशात. तिथे मात्र मोकळ्या हाताने लिहा. दोन हंगाम रजा देणारे प्राचार्य वाटेवर पडलेले नसतात.

विभागप्रमुखांनी ‘चॅटजीपीटीतून फिरवून घ्या’ असंही सुचवलं असेलच, आजकाल सुचवतातच. त्यावरून आठवलं. प्रकाशन-नीतीवर काम करणारी कोप नावाची ब्रिटनमधली संस्था आहे, १९९७ पासूनची. तिने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की अशा यंत्राला पेपरचा लेखक म्हणून घालता येणार नाही. का, तर यंत्र आपल्या मजकुराची जबाबदारी घेऊ शकत नाही. आता हेच कारण जरा आपल्या प्राचार्यांना लावून बघा.

पण प्राचार्यांना हवंय काय, हेही समजून घ्या. लोभ म्हणा हवं तर, पण त्याला आपल्या नियमांनीच खतपाणी घातलंय. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत आपल्या शाखेत एका पेपरला १० गुण आहेत. एकटीने लिहिलात तर १० तुमचे. दोघांची नावं असली तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात आणि सात. दहाची भाकरी दोघांनी खाल्ली की चौदाची होते! तिघं झाले तर पहिल्याला सात आणि उरलेल्या दोघांना तीन-तीन. चौथा घ्या, पाचवा घ्या, पहिल्याचे सात हलत नाहीत, बेरीज वाढतच जाते. ज्यांनी हा तक्ता केला त्यांना आपल्याकडचे स्टाफरूम ठाऊक नसावेत. शिवाय पीएच.डी.चं मार्गदर्शक राहायचं तर २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांना किमान पाच समीक्षित, म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलेली, प्रकाशनं दाखवावी लागतात, सहायक प्राध्यापकांना तीन. तुमच्या सरांची गाइडशिप अडली आहे का, जरा चौकशी करा. अडली असेल तर बोलणं सोपं जाईल, कारण मग तुम्हाला नकारासोबत काहीतरी देऊही करता येईल.

बोलायचं कसं? ‘हे अनैतिक आहे सर’ हे वाक्य केबिनमध्ये उच्चारू नका. बऱ्याच नियतकालिकांत आता लेखकांच्या वाट्याचा तक्ता भरून घेतात. कुणी काय केलं याचे १४ रकाने असतात: संकल्पना, कार्यपद्धती, माहिती गोळा करणं, विश्लेषण, पहिला मसुदा, दुरुस्ती, देखरेख वगैरे. तो छापून घ्या आणि शांतपणे सरांपुढे ठेवा. “सर, जर्नलवाले हे भरून मागतात. तुमच्या नावापुढे काय लिहू?” सर देखरेखीवर बोट ठेवतील. तेव्हा म्हणा, “सर, यात संशोधनावरची देखरेख धरतात. संपादकांनी मुलाखतीच्या प्रश्नांच्या अनुसूचीबद्दल विचारलं तर पत्र तुम्हालाच येईल.” आणि लगेच पुढचं वाक्य: “यात ऋणनिर्देशात तुमचं नाव सविस्तर घेते. पुढच्या हंगामात कारखान्याच्या बाजूने अभ्यास करायचा विचार आहे, संचालक मंडळ तुमच्या ओळखीचं आहे, तो आपण पहिल्या दिवसापासून बरोबर करू.” हे आमिष म्हणून नव्हे, खरोखरच करा. कारखान्यांची दारं उघडतील आणि मजूर पुरवणाऱ्या मुकादमांशी होणारे करार बघायला मिळतील, असा माणूस तुम्हाला हवाच आहे. त्यांनी ते काम केलं तर नाव घालायला कुणाची हरकत?

ते ऐकतील याची हमी मी देत नाही. तुमच्या फाइलवर त्यांची सही लागते, तुमचं वेळापत्रक त्यांच्या हातात आहे. नाहीच ऐकलं, तर पेपर काही महिने पेटीत ठेवा. कांद्यासारखा तो सडणार नाही.

आता विशेषांक. पंधराशे रुपये घेतात म्हणून ते वाईट, असं मी म्हणणार नाही. वाचकांना फुकट वाचू देणारी कित्येक चांगली नियतकालिकं लेखकाकडून शुल्क घेतात, तेही पंधराशेच्या कितीतरी पट. प्रश्न असा आहे की पंधराशेच्या बदल्यात तुम्हाला मिळतं काय. दोन दिवसांत पेपर वाचला कुणी?

मी आठ-नऊ वर्षं एक लहानसं त्रैमासिक संपादित करत होते. तेव्हा पेपर टपालाने समीक्षकाकडे जायचा, लेखकाचं नाव असलेलं पान काढून. एकदा कोरडवाहू शेतीवरचा एक पेपर दीड महिन्याने परत आला. पानोपानी शिस्तीत खुणा, आणि सातव्या पानाच्या समासात पेन्सिलीने एवढंच: ‘हे एकरी की हेक्टरी?’ लेखकाने तपासलं तर निम्म्या गावांचे आकडे एकरी होते, निम्म्यांचे हेक्टरी. सगळा निष्कर्ष पालटला. त्या समीक्षकाला आम्ही एक पैसाही दिला नव्हता, लेखकाला तो कोण हे कधी कळलं नाही. समीक्षण म्हणतात ते हे. दोन दिवसांत स्वीकृतीपत्र येतं तेव्हा ही पेन्सिल तुमच्या पेपरवरून फिरलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

न वाचता छापतात याचा पडताळा २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने घेतला होता. दगडफुलातून काढलेलं द्रव्य कर्करोगावर चालतं असा एक पेपर त्याने रचला, त्यात शाळकरी पोराला कळाव्यात अशा चुका पेरल्या आणि शुल्क घेणाऱ्या ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. ही त्याची हकिगत ‘सायन्स’मध्ये छापून आली. त्या दुकानांपैकी बरीच आपल्या देशातली होती हे वाचून मला काही धक्का बसला नाही. हैदराबादच्या ओमिक्स या प्रकाशकाला २०१९ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दंड लावला. समीक्षण होतं असं सांगून फसवणं, शुल्क आधी न सांगणं, विचारल्याशिवाय संपादक मंडळात नावं घालणं, असे आरोप होते. पण गोऱ्यांचं सगळं सोवळं, असंही समजू नका. हिंदावी ही लंडनहून चालणारी प्रकाशनसंस्था, पुढे अमेरिकेतल्या वायली या जुन्या कंपनीने विकत घेतलेली. एकट्या २०२३ मध्ये तिला आठ हजारांवर पेपर मागे घ्यावे लागले, आणि त्यांतले बहुतेक विशेषांकांतलेच.

आपल्याकडे हे पीक आलं त्याला कारण आहे. २०१० पासून पेपर मोजून गुण द्यायला सुरुवात झाली. मोजायचे म्हटल्यावर पुरवणारे उभे राहिले. मग २०१७ मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची यादी केली. विद्यापीठांनी शिफारशी केल्या, त्या तशाच आत गेल्या. पुण्याच्या अभ्यासकांनी त्या शिफारशींतून आलेली, बाहेरच्या कुठल्या मोठ्या सूचीत नसलेली नियतकालिकं तपासली तर ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट ठरावीत अशी निघाली. ते ‘करंट सायन्स’मध्ये २०१८ ला छापून आलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं यादीतून उडवली. पुढे २०१९ मध्ये त्याऐवजी यूजीसीचीच ‘केअर’ नावाची मान्य नियतकालिकांची यादी आली, तिचा कारभार पुण्याच्या विद्यापीठातून चालायचा. ती आली तसे तिच्यातल्या चांगल्या नियतकालिकांचे तोतये निघाले: तेच नाव, तोच आयएसएसएन क्रमांक, वेबसाइट दुसरी, पैसे भलत्याच्या खात्यात. शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअरची यादीच बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक कसं निवडावं याची मार्गदर्शक सूत्रं देऊन निवड शिक्षकांवर आणि संस्थांवर सोपवली. तेव्हा आज कुणी ‘केअर लिस्टेड’ म्हणून जाहिरात करत असेल तर तो बंद पडलेल्या बँकेचा चेक वटवू पाहतोय.

तुम्ही पाठवलेला दुवा मी उघडला. मुखपृष्ठावर ताजमहाल आणि पृथ्वीचा गोल. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे पेपर सरासरी किती उद्धृत होतात तो आकडा, आठच्या वर, तो कुणी काढला याचा पत्ता नाही. आयएसएसएन ठळक अक्षरांत, जणू तो आयएसआयचा शिक्का. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे हो, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. गाडी चालते का हे त्यावरून कळत नाही. मागचा अंक उघडला. त्यात पहिला पेपर संत साहित्यातल्या पर्यावरणविचारावर, दुसरा जीएसटीवर, तिसरा कबड्डीपटूंच्या फुप्फुसक्षमतेवर. या तिन्ही पेपरांना न्याय देणारा संपादक मला अजून भेटायचा आहे. जीएसटीचा वाचला. दुसऱ्या परिच्छेदात कराचे दर आहेत ते आणि चौथ्या परिच्छेदातले एकमेकांशी जुळत नाहीत. एवढं बघायला मला वीस मिनिटं लागली. नियतकालिक पारखायची याहून बरी युक्ती मला ठाऊक नाही: मागच्या अंकातले दोन पेपर बसून वाचायचे, आणि संपादक मंडळातल्या दोघा-तिघांची नावं त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर शोधायची.

विभागप्रमुखांचं ‘सगळेच टाकतात’ खोटं नाही. पण नुसत्या गुणांसाठी लिहिलेल्या पेपरसाठी ते ठिकाण ठीक असेल. तुमचा पेपर तिथे गेला तर गेलाच. तो कुणी वाचणार नाही, कुणी उद्धृत करणार नाही, आणि एकदा छापला म्हटल्यावर बऱ्या ठिकाणी पुन्हा देता येणार नाही. दोन हंगाम कोप्यांमध्ये बसून आणलेलं सगळं पंधराशे भरून पुरल्यासारखं होईल.

तिसरी गोष्ट. ती लिहिलीत हे बरं केलंत, कारण तिच्यामुळे तुमचा हिशेबच बदलतो.

आधी ती किती मोठी आहे ते पाहू. वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या नियमांत साम्याचे टप्पे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, दहा ते चाळीस पहिली पातळी, चाळीस ते साठ दुसरी, साठच्या वर तिसरी. अवतरणं, संदर्भसूची वगैरे वगळून मोजायचं; ओळीने चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही सोडून द्यायचं. तुमचा आढावा पेपरचा साधारण पाव भाग धरला तर पहिली पातळी. प्रकाशित पेपरच्या बाबतीत तिथे पेपर मागे घ्यायला सांगतात. वेतनवाढ थांबणं, नव्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करायची बंदी, हे दुसऱ्या-तिसऱ्या पातळीला. म्हणजे जे नियम तुम्हाला करायला लावतील तेच तुम्ही आपणहून करायचं आहे. आणि ‘साम्य नऊ टक्केच येतं’ अशी पळवाट शोधू नका. शब्द इकडचे तिकडे केल्यावर यंत्र फसतं, त्या प्रबंधाचा लेखक फसत नाही. आपलं लेकरू दुसऱ्याच्या अंगणात खेळताना दिसलं, तर कपडे बदलले म्हणून आई ओळखत नाही का?

संपादकाला पत्र लिहा. चार ओळी पुरेत: अमुक पेपरमधला अमुक भाग अमुक प्रबंधावर आधारलेला आहे, त्याचा उल्लेख केलेला नाही, ही माझी चूक आहे, पेपर मागे घ्यावा. ‘अनवधानाने’ हा शब्द वापरू नका, तो खरा नाही. तसलं नियतकालिक उत्तर देणार नाही किंवा मागे घ्यायचे पैसे मागेल. पैसे देऊ नका. पत्राची प्रत जपून ठेवा, बायोडेटातून तो पेपर काढा, यापुढे कुठेही मोजू नका. त्या प्रबंधाच्या लेखकाला कळवायचं का, हे मी तुमच्यावर सोडते. मी असते तर कळवलं असतं, पण मी आता पेन्शनवर आहे. मला धैर्य स्वस्त पडतं.

पेपर मागे घेतला म्हणजे माणूस संपला असं आपल्याकडे मानतात. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. २०१९ मध्ये आलेला त्यांचा एक पेपर जानेवारी २०२० मध्ये त्यांनी स्वतः मागे घेतला. प्रयोग पुन्हा करता येत नव्हता, नोंदवहीत नोंदी सापडत नव्हत्या. ‘मी कामात होते, नीट पाहिलं नाही’ अशी कबुलीही जाहीरपणे दिली. त्यांची चूक तुमच्या जातीची नव्हती हे खरं. पण त्या आजही प्रयोगशाळेत आहेत.

तर आता मोजा. सहातून एक गेला, पाच राहिले. विशेषांकात टाकून सातवा केलात तरी त्या सातांत २०१७ चा धरावा लागतो. आणि सहयोगी प्राध्यापकाच्या जागेला अर्ज करणारे तुम्ही एकट्या नाही. तुमच्या जागेवर डोळा असलेला माणूस तुमचे पेपर तुमच्यापेक्षाही बारकाईने वाचतो, शोधगंगा त्यालाही उघडता येते आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. नेमणूक झाल्यावर हे निघण्यापेक्षा आज जाहिरात सोडलेली परवडली. होय, मी तेच म्हणतेय. ही जाहिरात सोडा. जागा किती वर्षांनी निघतात, निघाल्यावर कोर्टात किती अडकतात, हे मला ठाऊक नाही असं नाही. दुसरी कधी निघेल ते मी सांगू शकत नाही, आणि तोवर तुमचं वय वाढेल हेही खरंच.

पेपर कुठे द्यावा? मुंबईचं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ लेखकाकडून पैसे घेत नाही आणि तुमचा विषय त्यांच्या अंगणातला आहे. परत येईल कदाचित, पण शेऱ्यांसकट आला तर तेही कमावलंच. मराठीतही यायला हवा, कारण मुकादम, कारखान्याचे शेती अधिकारी, संघटनांचे कार्यकर्ते इंग्रजी वाचत नाहीत. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ आहे. फक्त एका वेळी एकीकडेच पाठवा. दुसऱ्या भाषेत आणायचा झाला तर दोन्ही संपादकांना आधी विचारायचं आणि पहिल्याच तळटीपेत मूळ कुठे आलाय ते सांगायचं. तसं केलं की तो चोरटेपणा राहत नाही. मोजताना मात्र एकच मोजायचा.

तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच आहे. पान अकरावर तुम्ही एका बाईचं म्हणणं दिलंय. गर्भाशय काढल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात ती फडावर उभी होती, ते. नाव दिलेलं नाही. पण तिचं वय दिलंय, मुलं किती ते दिलंय, गावाचं नाव दिलंय आणि मुकादमाची आद्याक्षरंही दिली आहेत. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, राज्य सरकारने समिती नेमली, तेव्हापासून हा विषय किती नाजूक झालाय हे तुम्हाला सांगायला नको. त्या गावातून त्या मुकादमाबरोबर त्या वयाच्या किती बायका गेल्या असतील? तो एका नजरेत ओळखेल. पुढच्या वर्षीची उचल तोच देतो. तिने कोपीत बसून तुम्हाला सांगितलं ते तुम्ही मॅडम होता म्हणून, चुलीपाशी बसला होता म्हणून. ते छापून मुकादमाच्या मोबाइलवर पोहोचेल हे तिला सांगितलं होतंत का? गाव बदला, जिल्ह्यापर्यंतच ठेवा. वयाऐवजी वयोगट द्या. आद्याक्षरं उडवा. जमलं तर दिवाळीआधी, टोळी निघायच्या आत, तिला भेटून विचारा की हे लिहू का. ती नको म्हणाली तर पान अकरा काढा, कितीही चांगलं असलं तरी.

आणखी एक. तक्ता ४ मध्ये उचल कशासाठी घेतली याची टक्केवारी आहे: लग्न, दवाखाना, जुनी बाकी, घरबांधणी, इतर. मी तीनदा बेरीज केली. ९७.४ येते. एखादा रकाना राहिलाय, की लग्नाचा आकडा चुकलाय? मूळ अनुसूची काढून बघा आणि मला कळवा.